ग्लिरिसिडिया जमिनीत नत्र घालतो, मग बिघडतं कुठे?

टेकडीवासी

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका टेकडीवर आमचा रविवारचा गट जातो. पावसाळ्यात रोपं लावायची, उन्हाळ्यात कॅन वाहून पाणी घालायचं, दिवाळीनंतर वणवा अडवणारी जाळरेषा काढायला हातभार लावायचा, इतपतच काम. यंदा गटात दोन तट पडलेत आणि कारण आहे ग्लिरिसिडिया.

एक तट म्हणतो, हे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं झाड, टेकडीचा अर्धा उतार गिळून बसलंय, परवानगी काढून टप्प्याटप्प्याने हटवा. दुसरा तट म्हणतो, शेंगवर्गी झाड आहे, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतं, दरवर्षी पाला गाळतं, नुसत्या मुरमाची माती केली त्याने, त्याचे पाय धरा.

मी स्वतः उकरून बघितलं. उघड्या उतारावर टिकाव खणकन दगडावर बसतो. ग्लिरिसिडियाखाली मात्र बोटभर काळसर, भुसभुशीत थर निघाला. त्यात अर्धवट कुजलेली पानं, पांढरी बुरशी, वाणी किडे. माती म्हणून बघायला झकास!

पण त्याच जागी कुसळी गवत नाही, कंदीलपुष्प नाही, मुसळी नाही. आम्ही लावलेली मेडशिंगी आणि सालई जागची हलत नाहीत. जमीन सुधारली असेल तर स्थानिक झाडांना ते बरंच ना? मग ती का येत नाहीत? "परकं म्हणून वाईट" एवढंच उत्तर नको, ते गटात रोज ऐकतो.

ढवळ्या

धागा शंभरी गाठणार. चहा टाकून आलो.

आंबेवाला

दापोलीहून लिहितोय. आमच्याकडे बांधावर गिरिपुष्प, म्हणजे तुमचा ग्लिरिसिडिया, आहे आणि राहणार. चिखलणीच्या वेळी पाला तोडून भाताच्या खाचरात तुडवतो. सुक्या पाल्यात अडीच-तीन टक्के नत्र असतं, युरियाची गोणी कमी लागते. पूर्वी भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजायला डोंगरावरचे ऐन-किंजळ खरवडून आणायचो, ते बऱ्याच अंशी थांबलं ते या झाडामुळे. आमच्या दमट हवेत शेंगाही फारशा धरत नाहीत, त्यामुळे ते आपोआप कुठे पसरत नाही. फाटे लावू तिथेच उगवतं. शहरातल्या मंडळींनी उगाच बदनाम केलंय.

नाना_जुनेपुणेकर

आंबेवाले, तुमच्याशी सहमत. आणि तरुण मंडळींनी जरा इतिहास ऐकावा. ७२च्या दुष्काळानंतर या टेकड्या कशा होत्या ते मी पाहिलंय. गुरं, शेळ्या, सरपणाची तोड, पावसात खाली वाहणारा लाल गढूळ लोंढा. वनखात्याने आणि सामाजिक वनीकरणाने ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली कारण तीच जगत होती. शेळी ग्लिरिसिडियाला सहसा तोंड लावत नाही, पाणी घालावं लागत नाही, वणव्यातून जळालं तरी बुडातून फुटतं. तुमची सालई लावली असती तर एक वाचली नसती. सावली मिळाली म्हणून तुम्ही आज तिथे फिरायला जाता.

गवत्या

नाना, आदर राखून सांगतो, त्या टेकड्या ओसाड नव्हत्या, ती गवताळ रानं होती. "झाड नाही म्हणजे काहीच नाही" हा सरकारी चष्मा आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा हे गवत कापून विकलं जायचं, कुरणांचे लिलाव व्हायचे. तुम्हीच ते पाहिलं असणार.

नाना_जुनेपुणेकर

पाहिलंय. गवताच्या पेंढ्या घेऊन बायका उतरायच्या, दसऱ्यानंतर. पण शेवटी शेवटी पेंढी बांधण्याइतकंही गवत उरलं नव्हतं, तेही पाहिलंय.

अनुपमा_वनस्पती

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. मूळ प्रश्न फार चांगला आहे, कारण त्यात तीन गोष्टी एकत्र कालवल्या गेल्यात: सावली, पाला आणि नत्र.

आधी सावली. कुसळी, मारवेल ही उन्हातली गवतं. त्यांना डोक्यावर छत्र सोसत नाही, मग माती कसलीही असो. ग्लिरिसिडिया पानं गाळतो जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा उन्हाचा गवताला उपयोग शून्य, ते तर वाळून बसलंय. पावसाळ्यात गवताला ऊन हवं तेव्हाच याची छत्री पूर्ण उघडी. तेव्हा तुमच्या टेकडीवर जे दिसतंय त्यातलं निदान अर्धं श्रेय मी सावलीला देईन.

आता नत्र. सुपीकता ही शेतकऱ्याच्या नजरेतून ठरवलेली गोष्ट आहे. भाताला, गव्हाला, वांग्याला जे हवं ते जमिनीत असलं की ती सुपीक. मुरमावरच्या झाडोऱ्याने मात्र हजारो वर्षं कमी नत्रात संसार केलाय. सावकाश वाढायचं, पान टिकवायचं, कंदात साठवायचं, पान गाळण्याआधी त्यातला नत्र परत ओढून घ्यायचा. कंदीलपुष्प, मुसळी, सालई सगळी याच वळणाची. अशा जागी अचानक नत्र वाढला की ही झाडं मरत नाहीत, पण त्याचा फायदाही त्यांना फारसा उठवता येत नाही. फायदा उठवतात ते हावरट वाढणारे: काँग्रेस गवत, रानतुळस, घाणेरी. महिन्याभरात गुडघ्यावर येतात आणि खालच्यांचं ऊन बंद. म्हणजे नत्राने कुणाला मारलं नाही, शर्यतीचे नियम तेवढे बदलले.

ढवळ्या

म्हणजे हॉस्टेलच्या मेसवर वाढलेल्याला लग्नाच्या पंगतीत बसवलं आणि त्याने पहिला घास उचलायच्या आत शेजारच्याने ताट रिकामं केलं.

अनुपमा_वनस्पती

ढवळ्या, परीक्षेत हे उत्तर लिहिलंत तर पूर्ण गुण देईन.

गवत्या

ताईंच्या मुद्द्याला गावाकडचा पुरावा. उकिरड्यावर काय उगवतं ते बघा. धोतरा, एरंड, अघाडा, माठ. कुसळी गवत उकिरड्यावर पाहिलंय कुणी? नाही. आमच्या मेळघाटात जी गावं पुनर्वसनात बाहेर गेली, त्यांच्या जुन्या गोठाणावर आणि शेतावर आधी तरोटा आणि रानतुळस माजते. वर्षानुवर्षांचं शेण-मूत जमिनीत मुरलेलं असतं. तिथे चांगलं कुरण करायचं तर हे तण फुलायच्या आत काढत राहावं लागतं आणि गवताचं बी वेगळं आणून टाकावं लागतं. नुसती जागा मोकळी सोडली की गवत येतं, हा समज खोटा आहे.

आंबेवाला

तरोटा म्हणजे आमचा टाकळा ना? कोवळा असताना भाजी करा की! लसूण आणि ओलं खोबरं घालून. तण कसलं, पहिल्या पावसाची भाजी आहे ती.

मीनल_क

अवांतर: टाकळ्यात चण्याची डाळ भिजवून घाला. फणसाच्या आठळ्या असतील तर त्याही.

ढवळ्या

धागा पाककृती विभागात हलवावा ही विनंती.

काळी_माती

कृषी पदवीधर आहे, माती परीक्षण प्रयोगशाळेत काही वर्षं काढली आहेत. थोडं थंड पाणी ओततो.

टेकडीवासी, तुमच्याकडे मातीचा अहवाल आहे का? "काळसर भुसभुशीत" म्हणजे सेंद्रिय कर्ब वाढलाय इतकंच म्हणता येतं. नत्र वाढलाय का, किती, झाडाला मिळेल अशा रूपात आहे का, हे मोजल्याशिवाय सगळा धागा हवेत आहे.

आणि मोजणार असाल तर एक खोच लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घेतात, खडे फेकून देतात. शेतात ते ठीक. टेकडीवर घमेल्यातला अर्धाअधिक माल खडेच असतात. मग अहवाल येतो "उपलब्ध नत्र हेक्टरी अमुक किलो", पण तो आकडा जणू सगळा माल चाळलेली मातीच आहे असं धरून काढलेला असतो. खड्यांचं वजन वेगळं घेऊन हिशोब केला नाही तर मुरमाड जमीन कागदावर आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते. तसंच हेक्टरी २८० किलोच्या खाली उपलब्ध नत्र म्हणजे "कमी", हा निकष पिकांसाठी आहे. कंदीलपुष्पासाठी कमी म्हणजे किती, ते त्या तक्त्यात नाही.

दुसरं, ग्लिरिसिडिया नत्र धरतोय का हे घरीही बघता येतं. पावसाळ्यात कोवळ्या रोपाची मुळं अलगद धुवा, गाठी दिसतील. नखाने चिरा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर काम चालू आहे. हिरवट किंवा करडी असेल तर गाठ रिकामटेकडी.

टेकडीवासी

काळी_माती, अहवाल नाही. करून घेतो. गाठींचा प्रयोग या रविवारीच.

खडूसराव

मला एक कळत नाही. खैर शेंगवर्गी. हिवर शेंगवर्गी. पांगारा, पळस, शिरीष सगळी शेंगवाली. सगळी आपली. मग नत्र वाढवणं हा गुन्हा असेल तर आधी खैरावर खटला भरा. की मेक्सिकोचा नत्र वेगळा असतो?

अनुपमा_वनस्पती

खडूसराव, कळीचा प्रश्न. (आणि जाता जाता, सगळ्या शेंगवाल्या नत्र धरत नाहीत. बहावा आणि गुलमोहराच्या मुळांवर गाठी येत नाहीत. तरोट्याच्याही नाही.)

खैर आणि हिवर नत्र धरतात हे खरं. पण खैराची पर्णिका बघा, नखाएवढीही नाही. सावली जाळीदार, खाली गवत आरामात वाढतं. झाडं विखुरलेली, वाढ संथ. ग्लिरिसिडिया दोन-तीन मीटरवर ओळीने लावलाय, तोडला की चौपट फुटतो, पान मऊ आणि मोठं, आणि ते कुजतं विलक्षण वेगाने. पावसात दोन-तीन आठवड्यांत निम्मं विरघळलेलं असतं. सागाचं पान पुढच्या पावसापर्यंत खडखडत पडलेलं असतं, गवताची काडीही तशीच चिवट. त्यामुळे फरक "नत्र धरतो की नाही" यापेक्षा "किती वेगाने तो जमिनीत ओततो" यात जास्त आहे. गवताळ रानात नत्राचं चक्र गोगलगायीच्या गतीचं. याने त्याला मोटार लावली.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हवाईचं. तिथल्या ज्वालामुखीच्या ताज्या राखेवर नत्र धरणारं स्थानिक झाड जवळपास नव्हतंच. अझोर्स-कॅनरी बेटांकडचं फायाचं झाड तिथे पसरलं. विटोसेक आणि वॉकर यांनी १९८७ साली दाखवलं की त्या झाडाखाली जमिनीत येणारा नत्र साधारण चौपट झाला. आता तुम्ही लगेच म्हणाल की आपल्या टेकड्याही लाव्ह्याच्याच. हो, पण साडेसहा कोटी वर्षं जुन्या, आणि आपल्याकडे खैर-हिवर आधीपासून हजर. त्यामुळे हवाईइतका नाट्यमय बदल इथे होईल असं मी म्हणणार नाही.

खडूसराव

हे पटलं. शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून जास्त पटलं.

मृण्मयी_मिनेसोटा

इकडची गंमत सांगते. मिनेसोटात युरोपातून कुंपणासाठी आणलेलं बकथॉर्न नावाचं झुडूप आहे, सगळं रान व्यापलंय त्याने. त्याच्याही पानात नत्र भरपूर, पाला झटपट कुजतो. आणि त्याचे साथीदार कोण, तर गांडुळं! हिमयुगात हा प्रदेश बर्फाखाली होता, त्यामुळे इथल्या रानात मूळची गांडुळं नाहीतच. जी आहेत ती युरोपातून आलेली. ती पाल्याची जाड गादी फस्त करतात, जमीन उघडी पडते, आणि त्या गादीत रुजणारी इथली रानफुलं जातात. सरकारी पाट्या असतात, मासेमारीची उरलेली गांडुळं रानात टाकू नका म्हणून.

मी शेतकऱ्याची मुलगी, लहानपणापासून "गांडूळ शेतकऱ्याचा मित्र" घोकलेलं. इथे स्वयंसेवक म्हणून गेले तेव्हा बाई म्हणाल्या, ही कीड आहे. मला दोन मिनिटं काही बोलताच येईना.

बकथॉर्न उपटल्यावरही माती लगेच पूर्वीसारखी होत नाही, हा इथला अनुभव. झाड गेलं तरी नत्र मागे राहतो आणि त्यावर पुढचं तण माजतं.

ढवळ्या

गांडूळखताच्या पिशवीवर आता "फक्त भारतात वापरण्यासाठी" छापावं लागणार.

रानवाटा

मृण्मयीताईंचा शेवटचा परिच्छेद इथे तंतोतंत. आमच्या बाजूच्या टेकडीवर एका विजेच्या तारेखाली ग्लिरिसिडियाची पट्टी तोडली. सगळे खूश, आता गवत येणार. पावसाळ्यात काय आलं? काँग्रेस गवत, छातीएवढं. मधे मधे रानतुळस आणि कुणीतरी हौसेने फेकलेला पिवळा कॉसमॉस. पट्टीच्या कडेला, जिथे ग्लिरिसिडिया कधीच नव्हता, तिथे मात्र कुसळी जशीच्या तशी. दोघांत हातभराचं अंतर. सावली दोन्हीकडे नाही, पाऊस तोच. मग मातीशिवाय दुसरं काय कारण?

खडूसराव

दुसरं कारण बी. पंचवीस-तीस वर्षं सावलीत राहिलेल्या जमिनीत कुसळीचं बी उरलंच नसेल. काँग्रेसचं बी वाऱ्याने, पाण्याने, तुमच्या बुटाला लागून आलं. नत्राचा संबंध असेलही, नसेलही. शिवाय जमीन तोडताना उकरली गेली असणार, काँग्रेसला तेवढं पुरतं.

काळी_माती

खडूसरावांशी सहमत. यावर तोडगा सोपा आहे. तीच पट्टी घ्या, चार चौकोन आखा. दोनात कुसळी-मारवेलचं बी टाका, दोनात नाही. बी टाकलेल्यांपैकी एकात काँग्रेस उपटत राहा. दोन पावसाळे नोंदी ठेवा. बी टाकून, तण काढून गवत आलं तर दोष बियाचा आणि गर्दीचा. तरीही रोडावलं तर मातीकडे बोट दाखवा.

सुहास_नगर

पण ही परकी झाडं जमिनीत विष सोडतात त्याचं काय? काँग्रेस गवत, निलगिरी, घाणेरी, सगळ्यांवर वाचलंय. तेच मुख्य कारण असणार.

अनुपमा_वनस्पती

सुहास, हा माझा दुखरा विषय! दरवर्षी तृतीय वर्षाचे निम्मे विद्यार्थी हाच प्रकल्प आणतात. पाला मिक्सरमधून काढायचा, त्या दाट अर्कात मूग भिजवायचे, मूग रुजले नाहीत की "विषारी प्रभाव सिद्ध". अहो, पालकाच्या तितक्या दाट अर्कातही मुगाची तब्येत बिघडेल. काँग्रेसमध्ये पार्थेनिन असतं, त्याचा परिणाम होतो, हे खरं आहे. पण शेतातल्या मातीत ते किती उरतं, सूक्ष्मजीव किती खाऊन टाकतात, हे त्या बशीत कळत नाही. निदान मातीत कुंडी लावा, अर्ध्या कुंड्यांत कोळशाची पूड घाला. ती अशी द्रव्यं शोषून घेते, मग तुलना करा. अर्थात कोळशाने खतपाण्याचं गणितही हलतं, ते वेगळं.

सुहास_नगर

बरं मॅडम. माझा प्रकल्प मुगाचाच होता, मार्क चांगले पडले होते.

आंबेवाला

ताई, तुमचं ते गरीब जमिनीचं म्हणणं वाचून आमचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, आठवला. जांभ्या कातळावर पावसात जी फुलं येतात, सीतेची आसवं, दवबिंदू, त्यांच्याखाली माती म्हणावी अशी बोटभरही नसते. आणि शेजारीच आम्ही सुरुंग लावून खड्डे पाडतो, माती आणून भरतो, हापूसचं कलम लावतो. त्या कलमाच्या आळ्यात ती फुलं कधीच येत नाहीत, बाजूला कातळावर गालिचा असतो. याचा असा विचार केला नव्हता.

अनुपमा_वनस्पती

अगदी हेच. सीतेची आसवं आणि दवबिंदू तर किडे पकडून नत्र मिळवतात, कारण जमिनीत तो नाही. कासलाही तेच. त्या कातळाला भरपूर खत घाला, काही वर्षांत तिथे उंच गवत आणि तण दिसेल, दवबिंदू शोधूनही सापडणार नाही.

रानवाटा

कासवर गुरं बंद केली तेव्हा हाच वाद होता ना? एक म्हणे गुरं फुलं तुडवतात, दुसरे म्हणे गुरं गवत खातात म्हणून फुलांना जागा राहते.

गवत्या

दोन्ही खरं. गुरं गवत खाऊन जातात आणि रात्री गोठ्यात शेण टाकतात, म्हणजे माळावरचा नत्र रोज थोडा थोडा गावात. रात्री माळावरच बसवली तर उलटं. कुरणाचं गवत कापून नेण्याचाही तोच हिशोब. शेकडो वर्षं आपण माळावरून उचलत आलो आणि माळ त्यावर जमून गेला. आता नेणारं कुणी नाही, वरून नत्र धरणारी झाडं लावली.

नाना_जुनेपुणेकर

मग वणवा चांगला म्हणायचा का? तोही नत्र धुरात घालवतो. काही लोक मुद्दाम गवत पेटवतात, नवं गवत चांगलं येतं म्हणून.

काळी_माती

नाना, नत्र धुरात जातो, राखेत स्फुरद, पालाश, चुना राहतो, हे बरोबर. पण आपल्याकडे आग जानेवारी ते मे कधीही, कुठेही, दरवर्षी लागते. रोपं, सरडे, टिटवीची अंडी, सगळं जातं आणि उघड्या उतारावरची राख-माती पहिल्या वळवात खाली. कृपया कुणी "धाग्यावर वाचलं" म्हणून काडी लावू नका.

मीनल_क

नद्यांतल्या जलपर्णीचं काय? तीही नत्र वाढवते का?

काळी_माती

तिथे गाडी उलटी. शहराचं सांडपाणी आधी नदीत जातं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते. दरवर्षी यंत्राने काढतात, काठावर ढीग लावतात, तो कुजून पुन्हा पाण्यात. सांडपाणी थांबवल्याशिवाय ती जाणार नाही. सगळ्या परक्या वनस्पतींना एकच कथा लागू नाही, हे या धाग्यावर लिहून ठेवलेलं बरं.

रानवाटा

मग ग्लिरिसिडिया आक्रमक म्हणायचा की नाही? आंबेवाले म्हणतात पसरत नाही.

अनुपमा_वनस्पती

पुण्याच्या कोरड्या हवेत शेंगा धरतात, उन्हात तडकून बी लांब उडतं, खाली रोपंही दिसतात. पण सुबाभूळ किंवा वेड्या बाभळीइतका धावत नाही. टेकड्यांवर आज जो दिसतो तो बहुतांशी आपणच ओळीने लावलेला. घाणेरी १८०९च्या सुमारास कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आली आणि मग स्वतः देशभर गेली. ग्लिरिसिडियाला ट्रकने नेऊन सोडलंय.

नाना_जुनेपुणेकर

त्यातला एक ट्रक मी उतरवलाय. श्रमदानात. खंत अजिबात नाही.

टेकडीवासी

नाना, तुम्हाला एका रविवारी घेऊनच जातो वर.

मंडळी, गाठींचा प्रयोग झाला. आतून चक्क गुलाबी, एका मुलीने फोटो काढून गटावर टाकला. मातीचे नमुने तीन जागचे घेतले: झाडाखालचा, उघड्या उताराचा, आणि तोडलेल्या पट्टीचा. काळी_माती यांच्या सांगण्याप्रमाणे खडे चाळून त्यांचं वजन वेगळं लिहिलं. अहवाल आला की टाकतो.

आता खरा प्रश्न. करायचं काय? सरसकट तोड तर वनखातंही करू देणार नाही, आणि वरचं वाचून मलाही नको वाटतेय.

मृण्मयी_मिनेसोटा

इकडे एक उपाय करून बघतात, ऐकून हसाल. जमिनीत साखर किंवा लाकडाचा भुसा मिसळतात. जिवाणूंना कर्ब मिळाला की ते वाढतात आणि मोकळा नत्र स्वतःत ओढून घेतात, तणाला मिळत नाही. परिणाम थोडे दिवसच टिकतो आणि दर वेळी जमतंच असं नाही.

ढवळ्या

टेकडीवर साखर! पश्चिम महाराष्ट्रातल्या समस्त कारखान्यांकडून मृण्मयीताईंचा जाहीर सत्कार. मुंग्यांच्या वतीने मानपत्र.

काळी_माती

साखर नको, आणि भुसा डोंगरावर वाहून नेण्यापेक्षा वाळकी कुसळी तिथेच आंथरा. काडीत कर्ब जास्त, नत्र नगण्य, काम तेच. पण आगीच्या दिवसांत तोच सरपणाचा थर होतो, म्हणून पावसाच्या तोंडावरच.

गवत्या

माझा सल्ला. एकदम तोडू नका. जिथे खाली पूर्वीचं गवत अजून जिवंत आहे, कडेची, विरळ जागा, तिथून सुरुवात करा. जून-जुलैमध्ये फांद्या छाटून ऊन आत येऊ द्या. छाटलेला पाला तिथेच टाकू नका, खाली न्या. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण सगळे "आच्छादन" म्हणून तिथेच पसरतात आणि काँग्रेसची पंगत मांडतात. बी शेजारच्या उतारावरचंच गोळा करा, पाकिटातलं नको. पहिली दोन वर्षं काँग्रेस फुलायच्या आत उपटायचं, हातमोजे घालून, काहींना अंगावर पुरळ येतं. काँग्रेस खाणारे मेक्सिकन भुंगे असतील तर त्यांना त्यांचं काम करू द्या, १९८४ पासून आहेत ते आपल्याकडे. पावसाळ्यात पानांची चाळण करतात.

सुहास_नगर

घाणेरी मुळाखालून कापून उलटी करून ठेवतात तसं ग्लिरिसिडियाला चालेल का?

गवत्या

ती पद्धत घाणेरीची आहे. जमिनीखाली तीनेक इंचांवर मूळ कापलं की ती परत फुटत नाही. ग्लिरिसिडियाच्या बुंध्याला ते झेपत नाही, मोठं खोड असतं. बुंध्यावरचे फुटवे मोडत राहायचं, थकेपर्यंत. तो थकेपर्यंत, तुम्ही नव्हे.

अनुपमा_वनस्पती

आणि दाट, सावलीच्या पट्ट्यात कुसळीचा हट्ट सोडा. तिथे बोटभर माती झालीच आहे, तर तिचा उपयोग करा. सावली आणि पाला सोसणारी आपली झाडं लावा: करंज, कुंभा, वावळ, कडेला भारंगी. मेडशिंगी, सालई, गणेर मात्र उघड्या मुरमाकडे न्या, ती उन्हातली. तुमची रोपं अडली आहेत ती बहुतेक सावलीने.

टेकडीवासी

म्हणजे एकाच टेकडीवर दोन धोरणं. गटात सांगून बघतो, दोन्ही तट नाराज होतील बहुतेक. आणि छाटलेला पाला खाली आणून टाकायचा कुठे? सोसायटीच्या खड्ड्यात इतका मावणार नाही.

आंबेवाला

वाया घालवू नका हो! ताम्हिणी उतरून आलात की अर्ध्या वाटेवर मी टेम्पो पाठवतो. चिखलणी जूनअखेरीला सुरू होते, त्याआधी चार दिवस कळवा. शेंगांच्या फांद्या तेवढ्या वेगळ्या काढा, आणि पाला ताडपत्रीखाली दाबून तापवू नका. ओला, हिरवा हवाय.

नाना_जुनेपुणेकर

टेम्पोत भरायला मी येतो. उतरवायला मीच होतो, भरायलाही असू दे.